दोन ओळी मोकळ्या सोडा



मावा-तुडतुड्यावर नवे औषध आले आहे म्हणून दुकानदाराने बाटली पुढे केली, की आपल्यातला जाणता शेतकरी काय करतो? घासाघीस करून बाटली घेतो, पण कापसाचे सगळे रान एका दमात फवारत नाही. मधल्या दोन ओळी मोकळ्या सोडतो. आठ दिवसांनी फवारलेल्या ओळीतले पान उलटून पाहतो आणि मोकळ्या ओळीतलेही पाहतो. दोन्हीकडे मावा सारखाच कमी झालेला दिसला, तर तो मनाशी समजतो, की ही करामत मधे येऊन गेलेल्या पावसाच्या सरीची आहे. ज्याने सगळे रान फवारले, त्याला मात्र दुकानदार म्हणतो, “बघा, कसा गुण आला!” त्यावर बोलायला त्या बिचाऱ्याजवळ काहीच नसते. ताडून बघायला त्याने काही शिल्लकच ठेवलेले नसते.

आजचा विषय माणसाच्या औषधाचा आहे, पण तो या दोन ओळींपासूनच सुरू होतो. नवीनच साथ येते, तिच्यावरचे औषध कोणालाच ठाऊक नसते, आणि दहा जण दहा औषधे सांगतात. त्यातले खरे कोणते आणि नावाचे कोणते, हे डॉक्टर मंडळी कशी ठरवतात? आणि घरचे माणूस खाटेवर असताना आपण त्यातले काय ध्यानात ठेवायचे?

एप्रिल २०२१ आठवून पाहा. कोरोनाची दुसरी लाट आपल्या बीड जिल्ह्यात अशी शिरली, की अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, बीडचे जिल्हा रुग्णालय, लोखंडी सावरगावचे कोविड केंद्र, कुठेच खाट मिळेना. घरातला एक जण रुग्णापाशी आणि दुसरा इंजेक्शनच्या शोधात. चिठ्ठीवर नाव एकच, रेमडेसिविर. बीडला नाही म्हणून लातूर, लातूरला नाही म्हणून पुणे. कोणी अंगावरचा डाग मोडला, कोणी दुभते जनावर विकले, कोणी सावकाराच्या दारात गेले. सहा कुप्यांचा कोर्स पुरा करायचा, तर काळ्या बाजारात मागतील तेवढे मोजावे लागत होते. इंजेक्शन मिळाले नाही आणि माणूस गेले, त्या घरात आजही कोणी तरी मनात म्हणत असेल, ‘आपण कमी पडलो. आणखी एक फेरी मारली असती, तर वाचला असता.’

त्या माणसासाठीच आज हे सांगायचे आहे. नीट वाचा.

त्या एप्रिलच्या सहा महिने आधी, १५ ऑक्टोबर २०२० रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने एका मोठ्या चाचणीचा निकाल जाहीर केला होता. चाचणीचे नाव सॉलिडॅरिटी, म्हणजे एकजूट. ३० देशांतली ४०५ रुग्णालये तिच्यात होती आणि दवाखान्यात भरती झालेले ११,२६६ रुग्ण. आपला देशही तिच्यात होता, आणि देशातल्या कामाची जुळणी पुण्याजवळ भोसरीला असलेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, जिला लोक ‘नारी’ म्हणून ओळखतात, ती करीत होती. चार औषधांची पारख तिथे चालली होती. त्यातले एक रेमडेसिविर.

पारख केली कशी? आपण ओळी मोकळ्या सोडतो तशीच. काही रुग्णांना नेहमीचे सगळे उपचार आणि वर रेमडेसिविर. काहींना नेहमीचे सगळे उपचार, पण रेमडेसिविर नाही. कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे ना डॉक्टरने ठरवले, ना नातेवाइकांनी. ते चिठ्ठी टाकल्यासारखे संगणकाने ठरवले. शेवटी हिशेब मांडला, तेव्हा रेमडेसिविर मिळालेल्या २,७४३ रुग्णांपैकी ३०१ दगावले होते. न मिळालेल्या २,७०८ पैकी दगावले ३०३. म्हणजे दोन्ही ओळींत मावा जवळजवळ सारखाच.

मग डॉक्टर ते का लिहीत होते? त्यांच्या बाजूनेही थोडे ऐकले पाहिजे. अमेरिकेतल्या एका चाचणीत या इंजेक्शनाने बरे होण्याचे दिवस पंधरावरून दहावर आल्याचे दिसले होते, आणि आपल्या सरकारने जून २०२० मध्ये आणीबाणीपुरती त्याला परवानगी दिली होती. डोळ्यांसमोर माणूस गुदमरत असताना हाताशी असेल ते करून पाहावे, असे कोणत्याही डॉक्टरला वाटणारच. पुढे २०२२ साली सॉलिडॅरिटीचा पुरा निकाल आला. त्यात नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांना थोडा फायदा दिसला : मृत्यू शंभरात सोळाच्या जागी पंधराच्या आसपास. व्हेंटिलेटरवर गेलेल्यांना काहीच नाही. दुखणे अगदी सुरुवातीला असताना, धोका जास्त असलेल्या माणसाला तीन दिवस दिले, तर भरती होण्याची पाळी कमी येते, असेही दुसऱ्या एका चाचणीत दिसले. तेव्हा औषध अगदीच फुकट होते असे नाही. पण ‘हे मिळाले तर माणूस वाचतो, नाही मिळाले तर जातो’, असा जो समज गावोगाव झाला होता, त्याला आधार नव्हता. म्हणून त्या घरातल्या माणसाला सांगायचे, की बाबा, तू कमी पडला नाहीस. कमी पडले ते ज्ञान. ते भोसरीपर्यंत आले होते, तुझ्या उंबऱ्यापर्यंत कोणी आणले नाही.

आता पारखीची ही रीत आली कुठून, ते ऐका. ती दवाखान्यात जन्मली नाही. ती शेतात जन्मली. इंग्लंडात रोथॅमस्टेड नावाचे जुने शेती संशोधन केंद्र आहे. तिथे रोनाल्ड फिशर नावाचे गणिती १९१९ साली कामाला लागले. कोणते खत चांगले, कोणते वाण चांगले, याचे वर्षानुवर्षांचे आकडे त्यांच्यापुढे आले. त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली, जी आपल्याला बांधावर उभ्या उभ्या कळते : सगळे रान सारखे नसते. इकडे भारी काळी, तिकडे मुरमाड. खत टाकणाऱ्याने नकळत भारी रानात टाकले आणि मोकळी पट्टी मुरमाडात सोडली, तर यश खताचे की जमिनीचे? म्हणून त्यांनी सांगितले, की वाफे पाडा, एकच गोष्ट अनेक वाफ्यांत करून पाहा, आणि कोणत्या वाफ्यात काय टाकायचे ते चिठ्ठी टाकून ठरवा. माणसाच्या मनाची ओढ त्यात येऊ देऊ नका.

परभणीच्या कृषी विद्यापीठात शिवारफेरीला गेलेल्यांनी असे वाफे पाहिले असतील. एका वाफ्यात काहीच टाकलेले नसते, आणि नवखा माणूस विचारतो, की हा रिकामा का ठेवला? सगळ्यात जास्त तोच शिकवतो. आपल्या पीक विम्याचा हिशेब ज्या पीक कापणी प्रयोगांवर ठरत आला, तिथेही कापणीचे शेत सरपंचाच्या किंवा तलाठ्याच्या मर्जीने निवडायचे नसते, आकड्यांच्या चिठ्ठीवर निवडायचे असते. ही रीत आपल्या देशात बसवणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९४० नंतरच्या वर्षांत दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत त्यांनी हे काम केले.

शेतातली ही रीत पुढे दवाखान्यात गेली. इंग्लंडात १९४८ साली क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. कोणत्या रुग्णाला औषध द्यायचे, ते बंद पाकिटांतल्या चिठ्ठ्यांनी ठरले होते. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ गेले, नुसती विश्रांती दिलेल्या ५२ जणांपैकी १४ गेले. औषध खरे ठरले. आणि १९५६ साली आपल्याकडे मद्रासला क्षयरोगाचे एक केंद्र निघाले. त्याने विचारलेला प्रश्न गरिबाच्या घरचा होता : क्षयाच्या रोग्याला महागड्या आरोग्यधामात ठेवलेच पाहिजे, की घरी राहून गोळ्या घेतल्या तरी चालते? चिठ्ठीप्रमाणे काही रोगी आरोग्यधामात ठेवले, काही घरीच. १९५९ साली निकाल आला, की घरचेही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे जास्त लागण झाली नाही. आज गावातला क्षयरोगी घरी राहून, काम सांभाळून औषध घेतो, त्याच्या मुळाशी ही चाचणी आहे.

आता परत कोरोनाकडे येऊ. रेमडेसिविरसारखीच धावपळ प्लाझ्मासाठी झाली. कोरोनातून उठलेल्या माणसाच्या रक्तातला पिवळसर द्रव भाग काढायचा आणि आजारी माणसाला द्यायचा. त्याच्यात रोगाशी लढणारे घटक तयार झालेले असतात, ते दुसऱ्याला उपयोगी पडतील, असा विचार. विचार पटण्यासारखाच होता. आपल्या राज्य सरकारने २९ जून २०२० रोजी ‘प्लाटिना’ नावाने त्याचा मोठा प्रकल्प सुरू केला. बरे झालेली माणसे रक्तपेढीत जाऊन बसली. त्यांच्या त्या माणुसकीला कोणीही नावे ठेवू नयेत.

पण पटणे वेगळे आणि पारखणे वेगळे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्याच उन्हाळ्यात देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी केली. २३५ जणांना प्लाझ्मा दिला, २२९ जणांना दिला नाही. दिलेल्यांपैकी ४४ जणांचे दुखणे विकोपाला गेले किंवा ते दगावले, न दिलेल्यांपैकी ४१. फायदा दिसला नाही. हा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आला. तरीही पुढल्या उन्हाळ्यात माणसे प्लाझ्मासाठी फोन फिरवीत होती, कारण उपचारांच्या सरकारी यादीत तो तसाच राहिला होता. १७ मे २०२१ रोजी तो यादीतून काढला. तोवर दुसऱ्या लाटेने व्हायचे ते नुकसान केले होते.

मग या सगळ्या पारखीत काहीच खरे निघाले नाही काय? निघाले, आणि ते फार स्वस्त निघाले. इंग्लंडात ‘रिकव्हरी’ नावाची चाचणी झाली. तिने १६ जून २०२० रोजी सांगितले, की डेक्सामेथासोन नावाचे जुने स्टेरॉईड जीव वाचवते. हे औषध दुर्मीळ नाही. साठ वर्षांपासून वापरात आहे, काही रुपयांत मिळते, जनावरांच्या डॉक्टरांच्या पेटीतही असते. चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू शंभरात ४१ होत होते, ते २९ वर आले. नुसत्या ऑक्सिजनवरच्या रुग्णांत २६ वरून २३ वर आले.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि माय-बहिणींनी हे जास्त ध्यानात ठेवावे, कारण घरात गोळ्यांचा डबा त्यांच्याच हाती असतो. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना या औषधाचा काही फायदा झाला नाही. उलट अपाय होतो की काय, अशी शंका आकड्यांत दिसली. म्हणजे तेच औषध एकाला तारक आणि दुसऱ्याला घातक ठरू शकते. युरियाचे तसेच नाही काय? पिकाला गरज असताना एक बॅग दिली तर रान हिरवे होते, गरज नसताना ओतला तर पीक माजते आणि किडीला आवतण मिळते. २०२१ च्या उन्हाळ्यात कित्येकांनी साधा ताप असताना, शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून, दुकानातून स्टेरॉईडच्या गोळ्या आणून खाल्ल्या. स्टेरॉईडने साखर वाढते आणि अंगाची प्रतिकारशक्ती दबते. मे-जूनमध्ये काळी बुरशी म्हणून जो भयंकर रोग आला, ज्यात कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा काढावा लागला, त्याच्या मागे वाढलेली साखर आणि स्टेरॉईडचा भलता वापर ही मोठी कारणे होती.

शेळ्या-मेंढ्यांच्या जंतावर आपण जे आयव्हरमेक्टिन देतो, तेही माणसांनी कोरोनावर घेतले. जंतावर आणि खरजेवर ते नामी औषध आहे, त्यात शंका नाही. पण ब्राझीलमध्ये १,३५८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत कोरोनावर त्याचा उपयोग दिसला नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचीही तीच कथा. आधी सगळीकडे नाव, मग चाचणी, मग निकाल : उपयोग नाही.

‘पण मी ते घेतले आणि मी बरा झालो ना!’ असे म्हणणारा माणूस प्रत्येक पारावर भेटतो. तो खोटे बोलत नाही. पण कोरोना झालेली बहुतेक माणसे काही न घेताही उठली. त्याने सगळे रान फवारले, मोकळी ओळ ठेवली नाही. म्हणून तो बरा झाला एवढे खरे, कशाने बरा झाला ते त्यालाही सांगता येणार नाही.

आता शेवटचा आणि कामाचा भाग. उद्या तुमच्या घरचे माणूस एखाद्या मोठ्या रुग्णालयात असेल आणि डॉक्टर म्हणतील, की आमच्याकडे नव्या औषधाची चाचणी चालू आहे, सहभागी होता का? तेव्हा घाबरून पळू नका, आणि न विचारता अंगठाही उठवू नका. ‘आपल्यावर प्रयोग करतात’ म्हणून गावात ओरड होते. पण प्रयोग न करता औषध देणे म्हणजे सगळ्या रानावर न पारखलेली बाटली फवारणे. पाहायचे एवढेच, की प्रयोग रीतसर आणि सांगून-सवरून चालला आहे ना.

त्यासाठी २०१९ चे केंद्राचे नियम आहेत, आणि ते तुमच्या बाजूचे आहेत. चाचणीला नैतिक समितीची मंजुरी लागते, आणि त्या समितीत डॉक्टर नसलेला एक सामान्य माणूसही असावाच लागतो. सगळी माहिती तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगितली पाहिजे. वाचता येत नसेल, तर त्यांच्या पगारावर नसलेला एक त्रयस्थ साक्षीदार सगळे समजावून होईपर्यंत हजर पाहिजे. संमतीच्या कागदाची एक प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. तुम्ही केव्हाही, कारण न देता, बाहेर पडू शकता, आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. चाचणीमुळे इजा झाली, तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाईची तरतूदही आहे. आणि एक सांगतो : रुग्ण बाई असेल आणि शुद्धीवर असेल, तर सही तिची. नवऱ्याने किंवा दिराने ‘तिला काय कळते’ म्हणून परस्पर सही करायची नाही.

अशा वेळी पाच गोष्टी विचारा. हे औषध आजवर किती माणसांना दिले? ज्यांना मिळणार नाही, त्यांना कोणता उपचार मिळेल? काय त्रास होऊ शकतो? चाचणीची नोंद देशाच्या नोंदवहीत झाली आहे का, आणि तिचा नंबर काय? अडचण आली तर रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. त्याला बरेच वाटते, की समोरचा माणूस जाणता आहे.

चाचणी नसेल, नुसतीच चिठ्ठी हातात पडली आणि औषध आवाक्याबाहेरचे असेल, तर दागिना मोडण्याआधी एकच प्रश्न हात जोडून विचारा : “डॉक्टरसाहेब, हे दिले आणि न दिले, अशी दोन्हीकडची माणसे ताडून पाहिली आहेत का? आमच्या माणसाच्या या अवस्थेत किती फरक पडतो?” ‘शंभरात एकाला’ असे उत्तर आले, तर किती खर्च करायचा ते घरात बसून ठरवता येते. ‘पाहिलेले नाही’ असे आले, तरी ते कळलेले बरे. पण त्या विचारात ऑक्सिजन, पाणी, अन्न, साखरेवर लक्ष आणि वेळेवर भरती यांत मात्र कसूर करू नका. कोरोनात जे वाचले, त्यातले कितीतरी या साध्या गोष्टींनी वाचले.

साथी येतात आणि जातात. पटकी आली, प्लेग आला, १९१८ चा मानमोडी ताप आला, कोरोना आला. पुढलीही कधी तरी येईल, आणि तिच्याबरोबर औषधांची नावेही येतील. काही खरी असतील, काही नुसतीच गाजलेली. तेव्हा दुकानदाराला विचारता तोच प्रश्न तिथेही विचारा : मोकळी ओळ कुठे आहे, दाखवा.